सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: बिघाड शोधायचा क्रम

सेल्फ मारला की इंजिन व्यवस्थित फिरतं, पण पकडत नाही. अशा वेळी बहुतेक लोक बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहतात, मग धक्का द्यायला चार माणसं गोळा करतात. शेवटी कुणीतरी येऊन आधी प्लग, मग ठिणगीला व्होल्ट पुरवणारी कॉइल, मग टाकीतला पेट्रोल पंप असं एकेक बदलत जातो. ज्या पार्टवर गाडी सुरू होते तोच खराब होता असं ठरतं. आधी बदललेल्या चांगल्या पार्टांचे पैसे कुणी परत देत नाही.

धक्क्याचं तर सरळच आहे. धक्का इंजिन फिरवण्यासाठी असतो आणि ते काम सेल्फ आधीच करतो आहे. त्यात अशा गाडीला धक्का मारत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) जातं, आणि तो पार्ट बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे.

खालचा क्रम इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, पेट्रोल गाडीसाठी आहे, म्हणजे गेल्या वीसेक वर्षांतली जवळपास कोणतीही हॅचबॅक किंवा सेडान. सीएनजीचं वेगळं लिहिलं आहे, डिझेलचं शेवटी थोडक्यात. चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ होत असेल किंवा टकटक होऊन मीटरचे दिवे मंदावत असतील, तर तो बॅटरीचा किंवा सेल्फचा प्रश्न आहे. त्याला हा क्रम लागू नाही.

इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, बेताचं पेट्रोल आणि सिलिंडरमध्ये दाब. यातलं काय नाही ते आधी ठरवायचं. पाना त्यानंतर.

## तयारी

मल्टिमीटर, मोबाईलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), प्लग पाना, टॉर्च, जमल्यास स्पार्क टेस्टर. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल जवळ ठेवा, फ्यूजचा तक्ता त्यातच असतो. चावी फिरवायला एक माणूस लागेल. गाडी उघड्यावर घ्या, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला किंवा ‘पी’वर ठेवा. पेट्रोलला हात लावणार असाल तर अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा आणि आसपास विडी-सिगारेट नको.

मग पाच मिनिटं नुसता विचार करा. गाडी शेवटची कधी नीट चालली? त्यानंतर काय झालं? पेट्रोल भरलं, सर्व्हिसिंग झालं, नवा म्युझिक सिस्टीम किंवा अलार्म बसवला, इंजिन पाण्याने धुतलं, गाडी पंधरा दिवस उभी होती? नव्याने केलेल्या कामाच्या आसपास बिघाड सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बोनेट उघडून उंदराच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, निघालेला पाइप दिसतो का तेही बघा. उंदरांना इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या बारीक वायरी फार आवडतात.

सावध: गाडी पुराच्या पाण्यात उभी होती किंवा पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी उचलूनच न्यायची.

सावध: सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती. प्रत्येक सेल्फगणिक बॅटरी उतरते, प्लग ओले होतात आणि पुढच्या तपासण्या खोटं बोलायला लागतात.

## टप्पा १: चावी ऑन करा, सेल्फ मारू नका

चेक इंजिनचा दिवा. चावी ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बहुधा इंजिनच्या कॉम्प्युटरलाच, म्हणजे ईसीयूला, सप्लाय मिळत नाही. ईसीयूचा फ्यूज, मेन रिले (विजेने चालणारा स्विच) आणि अर्थिंगच्या वायरी बघा. ते सुटेपर्यंत पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

इमोबिलायझरचा, म्हणजे चावीतली चिप ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा, दिवा. चावीचं, कुलपाचं किंवा चावीसकट गाडीचं चित्र असतं. चावी ऑन केल्यावर तो लागून विझायला हवा. लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही.

पंपाचा आवाज. मागची सीट असते तिथे कान द्या, किंवा टाकीचं झाकण उघडून ऐका. चावी ऑन करताच दोन-तीन सेकंद बारीक ‘झूं’ असा आवाज येऊन थांबतो. आला किंवा नाही, ते लिहून ठेवा. मात्र आवाज नाही म्हणजे पंप गेला असं लगेच ठरवू नका. काही गाड्यांत दार उघडतानाच पंप दाब तयार करून घेतो.

## टप्पा २: एकदाच सेल्फ मारा, नीट ऐका

निरोगी इंजिन फिरताना लयीत दम घेतं, घर्र-घर्र-घर्र असा चढउतार ऐकू येतो. तो नसेल, इंजिन नेहमीपेक्षा वेगाने आणि सपाट ‘सुंईई’ असं फिरत असेल, तर इंजिनात दाब तयार होत नाही. वाल्वची उघडझाप वेळेवर करवणारा टायमिंग बेल्ट तुटल्याची किंवा चेन सरकल्याची ही खूण आहे. इथेच थांबा आणि थेट टप्पा ७ वर जा. अशा स्थितीत फिरवत राहिलं तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन वाल्वला आदळतात.

त्याच वेळी आरपीएमच्या काट्याकडे बघा. सेल्फ फिरताना तो २०० ते ३०० च्या आसपास किंचित तरी हलायला हवा. शून्यावर चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरचा, संशय घ्या. हा पक्का पुरावा नव्हे, कारण काही मीटर इतका कमी वेग दाखवतच नाहीत. स्कॅनरवर खरं कळेल.

## टप्पा ३: सेल्फ चालू असताना बॅटरीचे व्होल्ट

मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. खरा आकडा सेल्फ फिरतानाचा: तो साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये.

सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत, या समजुतीने खूप वेळ वाया जातो. कमी व्होल्टवरही सेल्फ रडतखडत फिरतो, पण तेवढ्यात ईसीयू रीसेट होतो किंवा कॉइलला पुरेशी ताकद मिळत नाही. आकडा कमी आला तर आधी टर्मिनल साफ करून घट्ट करा, बॅटरी चार्ज करा किंवा दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावा, आणि पुन्हा मोजा. पुढच्या सगळ्या तपासण्या भरलेल्या बॅटरीवरच करायच्या.

## टप्पा ४: चावी आणि इमोबिलायझर

इमोबिलायझरचा दिवा नीट विझत असेल तर हा टप्पा सोडून द्या. लुकलुकत असेल तर घरातली दुसरी चावी आणून बघा. चावीच्या जुडग्यातून दुसऱ्या गाडीची चावी काढून टाका, कारण दोन चिप शेजारी आल्या तर गोंधळ होतो. बटण-स्टार्टच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने काम होतं.

इमोबिलायझरच्या बिघाडाची आणखी एक ओळख आहे. काही गाड्या सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतात, दर वेळी तेवढ्याच वेळाने. दुसऱ्या चावीनेही तेच झालं तर घरी करण्यासारखं काही उरत नाही. चावी पुन्हा प्रोग्राम करणं हे कंपनीच्या स्कॅनरचं काम आहे.

## टप्पा ५: स्कॅनर

ओबीडीचं सॉकेट स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत असतं. स्कॅनर लावून आधी कोड वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. लगेच पुसू नका. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणीची माहिती साठवलेली असते, तीही पुसली जाते.

पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड, पी०३४० कॅमच्या (वाल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) सेन्सरचा, पी०२३० पेट्रोल पंपाच्या सर्किटचा. पी००१६ आला तर क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नाही, म्हणजे चेन किंवा बेल्टकडे बघायचं. ‘सर्किट’ या शब्दाकडे दुर्लक्ष होतं आणि सरळ नवा सेन्सर आणला जातो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, सगळं. कनेक्टर काढा, पिनांवर हिरवा गंज किंवा पाणी आहे का पाहा, वायर हलवून बघा.

मग लाइव्ह डेटामध्ये दोनच आकडे बघा. पहिला, सेल्फ फिरतानाचा आरपीएम. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच माहीत नाही; तो ना ठिणगी देणार, ना पेट्रोल. दुसरा, कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत तो बाहेरच्या हवेइतका हवा. पुण्यात सकाळी गाडी उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवणारा ईसीयू इंजिनात नको इतकं पेट्रोल ओततो.

गाडी थंडीत सुरू होते, हायवेवर तासभर चालून चहाला थांबलं की पुन्हा होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने निमूट सुरू होते? हे क्रँक सेन्सर तापल्यावर सिग्नल सोडत असल्याचं नेहमीचं लक्षण. तपासणी गाडी रुसलेली असतानाच करायची. थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसणार.

इथे थांबून बघा: बॅटरी ठीक, चावी ठीक, आरपीएम दिसतोय. या तीन गोष्टी नक्की झाल्या असतील तरच पुढे जा.

## टप्पा ६: ठिणगी की पेट्रोल?

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे नाक. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर एक प्लग काढा आणि त्याचं टोक बघा. कोरडा असेल, पेट्रोलचा वासही नसेल, तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय. मग एकतर ठिणगी नाही, किंवा इंजिन पेट्रोलने तुंबलं आहे.

### प्लग ओला असेल तर

तुंबलेल्या इंजिनाचं सर्वांत नेहमीचं कारण बिघाडच नसतं. सोसायटीत गाडी बाजूला घ्यायची म्हणून थंड इंजिन सुरू केलं, दहा पावलं पुढे नेलं आणि बंद केलं. संध्याकाळी गाडी सुरू होत नाही. उपाय: ऍक्सिलरेटर तळापर्यंत पूर्ण दाबून धरा आणि दहा सेकंदांपर्यंत सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि नुसत्या हवेने सिलिंडर वाळतात. इंजिन पकडलं की पाय लगेच उचला. ऍक्सिलरेटर सारखा दाबत-सोडत राहू नका; ती सवय कार्ब्युरेटरच्या काळातली.

तरीही नाही, तर ठिणगी तपासा. आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येणार नाही. स्पार्क टेस्टर कॉइलला लावा, त्याचा चिमटा इंजिनच्या धातूला पक्का जोडा, आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट, अशक्त ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती टिकत नाही.

सावध: प्लग किंवा कॉइल हातात धरून तपासू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. आणि कॉइल अर्थिंगशिवाय मोकळी ठेवून सेल्फ मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा ईसीयू जळू शकतो.

आता निकाल वाचताना एक साधा तर्क लावा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल आणि एकावरही ठिणगी नसेल, तर सगळ्या कॉइल एकाच सकाळी मेल्या असं सहसा होत नाही. दोष त्यांच्या सामाईक गोष्टीत आहे: कॉइलचा फ्यूज, मेन रिले, क्रँक सेन्सर, अर्थिंग. एकच कॉइल गेलेली गाडी थरथरत का होईना, सुरू होतेच. तरीही कॉइलचा अख्खा संच विकला जातो.

### प्लग कोरडा असेल तर

आधी टाकीत पेट्रोल आहे ना? काट्यावर विसंबू नका, टाकीतला तरंगता फ्लोट अडकतो. पाच लिटर ओतून बघा. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला नकार मिळेल आणि तो योग्यच आहे. धातूचा झाकणाचा कॅन न्या.

मग पंपाचा फ्यूज. तो काढून मल्टिमीटरने बघा. डोळ्याला चांगला दिसणारा फ्यूजही आतून तुटलेला असतो. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पंप जाम आहे. मोठा फ्यूज टाकलात तर आग लागू शकते. फ्यूज ठीक असेल तर पंपाचा रिले हॉर्नच्या रिलेशी बदलून बघा, मात्र दोन्हींवर छापलेला नंबर आणि पिना तंतोतंत सारख्या असतील तरच. जुन्या काही फोर्ड आणि फियाट गाड्यांत धडक बसली की पेट्रोल तोडणारं एक बटण असतं. मोठ्या खड्ड्यातही ते उडू शकतं. दाबून पूर्ववत करा.

आता पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा. काही गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. चावी ऑन करताच दोन-तीन सेकंद बॅटरीइतके व्होल्ट आले आणि पंप गप्प, तर पंप किंवा त्याची अर्थिंगची वायर खराब. व्होल्टच आले नाहीत, तर पंप निर्दोष आहे. मागे वायरकडे जा. रस्त्यात अडकला असाल तर कुणालातरी सेल्फ मारायला सांगून टाकीच्या तळाला हाताच्या बुक्कीने ठोका. अडकलेला पंप कधीकधी एवढ्याने फिरतो आणि तुम्ही घरी पोचता, पण दुसऱ्या दिवशी तो बदलायचाच.

पंप चालतोय तरी प्लग कोरडा, तर दाब मोजावा लागेल. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. गेज नसेल तर एक युक्ती: चावी ऑन करा, पंप थांबू द्या, ऑफ करा. असं तीन-चारदा करून मग सेल्फ मारा. एवढ्याने गाडी सुरू झाली तर पंप दाब तयार करतो पण धरून ठेवत नाही. पेट्रोल मागे जाऊ न देणारा पंपाचा वाल्व किंवा इंजेक्टर गळतो आहे.

पावसाळ्यात टाकी भरल्या-भरल्या गाडी बंद पडली तर पाण्याचा संशय घ्या. आपलं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं आहे. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. थोडा नमुना काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. भरल्याची पावती जपून ठेवा.

सावध: एअर फिल्टरच्या नळीतून पेट्रोल ओतून ‘बघू तरी’ करू नका. इंजिनने उलटा भडका मारला तर तोंड तिथेच असतं.

### सीएनजी गाडी असेल तर

बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून मालक टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवतो. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, आणि पुष्कळ गाड्यांत गॅसवर चालतानाही तो फिरत असतो. कोरडा फिरला की जळतो. उरलंसुरलं पेट्रोल महिनोन्महिने शिळं होतं, इंजेक्टर चिकटतात. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्ट लागत असल्याने प्लगही लवकर संपतात.

याच गाड्यांत मात्र तपासणीची एक उत्तम सोय फुकट मिळते. अनेक किटमध्ये गॅसचं बटण दाबून धरून थेट गॅसवर स्टार्ट करता येतं. पद्धत किटच्या पुस्तिकेत असते. टाटाच्या आयसीएनजी गाड्या तर मुळातच गॅसवर सुरू होतात. तिथे उलट, पेट्रोलवर घालून बघा. एका इंधनावर गाडी सुरू झाली की ठिणगी, क्रँक सेन्सर, टायमिंग, दाब सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं. दोष फक्त दुसऱ्या इंधनाच्या बाजूला उरतो.

शिवाय इंधनाच्या तोंडाचं झाकण बघा. कंपनीच्या सीएनजी गाड्यांत तिथे मायक्रोस्विच असतो आणि झाकण उघडं असेल तर तो गाडी सुरू होऊ देत नाही. गॅस भरून झाल्यावर झाकण नीट न बसल्याने पंपावरच अडकलेल्या गाड्या काही कमी नाहीत. गाडी सुरू झाल्यावर टाकी किमान पाव भरलेली ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

## टप्पा ७: दाब आणि टायमिंग

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन पकडत नाही, किंवा टप्पा २ मध्ये सपाट आवाज आला होता, तेव्हाच इथे या. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतले कॅमचे भाग दिसत असतील तर मदतनिसाला चावीने क्षणभरच सेल्फ मारायला सांगा. आत काहीच हललं नाही तर बेल्ट किंवा चेन तुटली. हललं, तर सगळे प्लग काढून, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर सोडवून, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडर मोजा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार येतात. सगळीकडे सारखाच कमी दाब आला तर बहुधा टायमिंग सरकलं आहे. प्लग परत बसवताना आधी बोटांनी आटे धरवा, पाना नंतर. ऍल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेड उतरवावं लागतं.

## डिझेल गाडी

ठिणगीचा प्रश्न नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा: पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, धूरच नसेल तर पोचत नाही. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइनमध्ये हवा धरते. हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. स्कॅनरवर सेल्फ फिरताना कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा) दाब चढतो का ते बघा. काही बीएस-६ डिझेल गाड्या ऍडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) संपला की पुन्हा स्टार्टच होत नाहीत. तो दिवाही पाहून घ्या.

सावध: इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढण्याची जुनी पद्धत कॉमन रेलवर वापरू नका. शेकडो बारची धार कातडीच्या आत शिरते. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं असेल तर चावी ऑनसुद्धा करू नका.

## गॅरेजला देताना

‘स्टार्ट होत नाही, बघा’ एवढंच सांगू नका. सेल्फ फिरतानाचे व्होल्ट, आरपीएम दिसला की नाही, कोड, प्लग ओला की कोरडा, पंपाला व्होल्ट आले की नाही, हे कागदावर लिहून द्या. पार्ट बदलायचा म्हटलं तर कोणत्या मोजमापावरून ते विचारा आणि जुना पार्ट परत मागा. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर चढवूनच पाठवा.